घरी लोकर रंगवताना रंग का फिरतो

पातेलं तेच, पुडी तीच, वजनही तेच, तरी गेल्या महिन्यात लाल निघालेली लोकर आज विटकरी निघते. कधी एकाच पातेल्यातला एक पुंजका गडद, तर शेजारचा फिका. अशा वेळी बोल बहुतेकदा पुडीला लावला जातो. पण पातेलं गॅसवर चढायच्या आधीच निम्मा निकाल लागलेला असतो. लोकर मेंढराच्या कुठल्या अंगाची होती, किती स्वच्छ धुतली, पाणी कुठलं घेतलं, वजन कोरडं केलं की दमट, यावर रंग ठरतो. राहिलेला निम्मा निकाल आच किती सावकाश वाढवली त्यावर अवलंबून असतो. म्हणून या लेखात पुडीपेक्षा तिच्या आधीच्या कामांना जास्त जागा दिली आहे.

हातातली वस्तू लोकरच आहे का?

विणकामाच्या दुकानात ‘लोकर’ म्हणून मिळणारे गुंडे पुष्कळदा ॲक्रिलिकचे असतात. लोकरीचा रंग त्यांच्यावर चढतच नाही. तासभर शिजवूनही पाणी तसंच रंगीत राहतं आणि धागा मळकट दिसतो. चार इंच धागा चिमट्यात धरून जाळून बघा. खरी लोकर केस जळाल्यासारखी वास मारते, ज्योत लांब नेली की विझते आणि बोटांनी चुरडता येईल अशी काळी राख राहते. ॲक्रिलिक वितळतं आणि त्याचा टणक मणी होतो. ही परीक्षा सिंकवर किंवा पाण्याच्या वाटीवर करा.

रंग घेतानाही नेमकं मागा. इचलकरंजीचा सगळा पट्टा सुती कापडाचा आहे. तिथे नुसता ‘कापडाचा रंग’ मागितला तर सुताचा रंग हातात पडण्याची शक्यता जास्त, आणि त्याची मीठ-सोडा घालून रंगवायची रीत लोकरीला मारक आहे. सोड्याच्या गरम पाण्यात लोकर पिवळी पडते, चरचरीत होते, पुढे तुटते. ‘लोकर-रेशमाचा ॲसिड रंग’ असं स्पष्ट सांगा. ॲसिड म्हणजे इथे व्हिनेगर किंवा लिंबूसत्त्वाइतकं सौम्य आम्ल.

निवडणं

कोल्हापूरच्या आसपास धनगरांकडून मिळणारी लोकर बहुतेक दख्खनी मेंढरांची असते. ती काळी, करडी, तपकिरी, मधे पांढरे पट्टे असलेली आणि राठ असते. घोंगड्याला तीच लागते. तिच्यात दोन प्रकारचे तंतू मिसळलेले असतात. खरे लोकरीचे तंतू भरीव आणि लवचिक असतात, तर केसाळ तंतूंच्या आत पोकळ गाभा असतो. पोकळ तंतू प्रकाश विखुरतो, त्यामुळे सारखाच रंग पिऊनही तो फिका दिसतो. काही आखूड, खडूसारखे पांढरे, ताठ केस जवळजवळ रंगतच नाहीत. गडद निळ्या लोकरीत पांढरे काटे उठून दिसले तर ते हेच. त्यावर रंगवण्यात उपाय नाही. आधी हाताने वेचायचे, नाहीतर ती लोकर जाड्याभरड्या कामाला वापरायची.

त्यात ही मेंढरं वर्षभर उघड्यावर फिरतात, खतासाठी शेतात बसवली जातात. पाठीवरच्या लोकरीची टोकं उन्हापावसाने झिजलेली असतात. झिजलेल्या टोकाच्या तंतूंवरचे बारीक खवले उघडे पडलेले असल्याने ते रंग पटकन ओढतं, मुळाकडचा भाग मागे राहतो, आणि बटीच्या एका टोकाला गडद रंग दिसतो. पोटाकडची आणि मांड्यांची लोकर मुतामुळे पिवळी पडलेली असते. हा पिवळेपणा धुऊन जात नाही आणि गुलाबी, आकाशी, जांभळ्या अशा नाजूक छटा हमखास मळकट करतो.

म्हणून धुण्याआधी चार ढीग करा: पाठ-खांद्याची स्वच्छ पांढरी, पोट-मांड्यांची पिवळट, करडी-तपकिरी आणि पूर्ण काळी. शेण वाळून कडक झालेली टोकं सरळ कात्रीने उडवा. पहिल्या ढिगाला कुठलाही रंग चालतो. पिवळटला पिवळा, केशरी, विटकरी, हिरवा द्या. काळीला रंग देण्यात पैसे घालवू नका, तिचा मूळ रंगच सुरेख असतो. करड्या लोकरीवर मात्र मनापासून काम करण्यासारखं आहे. तिच्यातले पांढरे तंतू रंग घेतात, काळे तसेच राहतात, आणि पांढऱ्या लोकरीवर कधी न मिळणारी खोली येते. फक्त हिशेब ध्यानात ठेवा: करड्यावर पिवळा घातला की शेवाळी हिरवा दिसतो, निळा घातला की ढगाळ निळा, मरून घातला की जांभळाच्या सालीसारखा. गुलाबी घातला तर धुळकट जांभळट निघेल आणि निराशा होईल.

बाहेरून मागवलेली मेरिनो लोकर वेगळी वागते. ती बारीक असल्यामुळे तेवढ्याच रंगात ती दख्खनीच्या भरीव तंतूपेक्षा फिकी दिसते, कारण बारीक तंतूंचा एकूण पृष्ठभाग जास्त. दोन्ही एका पातेल्यात घालून सारखा रंग येईल अशी अपेक्षा धरू नका.

धुणं: इथेच सगळ्यात जास्त चुका होतात

लोकरीवर घामाचे क्षार, माती आणि मेणचट चिकटा असतो. क्षार आणि माती गार पाण्यातही निघतात. चिकटा साधारण ४० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ होतो, म्हणून धुण्याचं पाणी शेवटपर्यंत ५० च्या वर राहायला हवं. पाणी बादलीतच निवू दिलं तर सुटलेला चिकटा परत तंतूवर बसतो, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. दिसतो तो थेट रंगवल्यावर, फिक्या ठिपक्यांच्या रूपात.

अर्ध्या किलोला ही रीत. आदल्या दिवशी लोकर गार पाण्यात रात्रभर भिजवा आणि सकाळी ते चहासारखं पाणी झाडांना घाला. १०० ग्रॅम रिठ्याची टरफलं रात्री भिजत घालून सकाळी उकळून गाळा. रिठ्याऐवजी ३० मिलिलिटर भांडी घासायचं द्रावण चालतं. १५ लिटर पाणी ६० अंशांपर्यंत तापवा, रिठ्याचं पाणी मिसळा, लोकर वरून दाबून बुडवा आणि २० मिनिटं तशीच ठेवा. घासू नका, पिळू नका, वरून नळाची धार सोडू नका. गरम पाणी, साबण आणि चोळणं तिन्ही एकत्र आलं की खवले एकमेकांत अडकतात, लोकरीचा नमदा होतो आणि तो परत सुटत नाही. लोकर जाळीत काढा, पाणी ओता, पुन्हा तितक्याच गरम पाण्यात निम्म्या रिठ्याने दुसरं धुणं करा, मग दोनदा साध्या गरम पाण्यातून काढा. प्रत्येक पाणी आधीच्या पाण्याइतकंच गरम हवं, फार तर पाच अंश कमी.

धुतलेली लोकर वाळल्यावर दोन परीक्षा घ्या. बोटांत चोळून बोटं तेलकट होतात का बघा. मग एक पुंजका पाण्यावर अलगद ठेवा. स्वच्छ लोकर एक-दोन मिनिटांत पाणी पिऊन खाली जाऊ लागते, चिकट लोकर होडीसारखी तरंगत राहते. तरंगली तर पुन्हा धुवा. तशीच रंगवलेल्या लोकरीवर नंतर काही करता येत नाही. पांढरी करायच्या मोहाने ब्लीचिंगचं द्रावण मात्र कधीच वापरू नका, त्यात लोकर चक्क विरघळते.

पाणी

नळाचं पाणी आणि बोअरचं पाणी ही रंगाच्या दृष्टीने दोन वेगळी द्रव्यं आहेत. जड पाण्यात विरघळलेला चुन्याचा अंश आम्लाला खाऊन टाकतो. कृतीत लिहिलंय तेवढं व्हिनेगर घातलं तरी पाणी हवं तितकं आंबट होत नाही, मग रंग अर्धाच चढतो आणि उरलेला मोरीत जातो. पाण्याचा आंबटपणा (पीएच) दाखवणाऱ्या पट्ट्यांचं पाकीट जवळ ठेवा, आकडा जितका कमी तितकं पाणी आंबट. ॲसिड रंगाला पातेल्यातलं पाणी पीएच ४ ते ५ च्या मधे हवं. पट्टी ६ दाखवत असेल तर आम्ल वाढवा, मग कृतीत आकडा काहीही असो.

दुसरा शत्रू लोह. बोअरच्या पाण्याचा बादलीला तांबूस थर धरत असेल, तर त्या पाण्यात पिवळे रंग हिरवट आणि लाल रंग तपकिरी पडतात, झाडपाल्याचे तर नक्कीच. कोल्हापुरात यावर सोपा उपाय वरून पडतो. पावसाळ्यात पहिल्या दोन-तीन सरींनी छत धुऊन गेल्यावर स्वच्छ पिंपात धरलेलं पाणी रंगकामाला उत्तम. नाजूक छटांसाठी तेच राखून ठेवा. आणि एक काम सुरू केलं की शेवटपर्यंत पाणी बदलू नका. लोकर बोअरच्या पाण्यात भिजवली आणि नळाच्या पाण्यात रंगवली तर पुढच्या वेळी तोच रंग साधणं अवघड होतं.

वजन

रंगाचा सगळा हिशेब धुऊन वाळवलेल्या लोकरीच्या वजनावर करायचा, कातरून आणलेल्या लोकरीच्या नव्हे. अंगावरच्या माती-चिकट्याचं वजन धुण्यात जातं आणि किती जाईल ते प्रत्येक गोणीचं वेगळं. शिवाय लोकर हवेतला ओलावा पिते. साध्या हवेत तिच्या कोरड्या वजनाच्या १६ टक्क्यांच्या आसपास पाणी तिच्यात असतं, आणि जुलैच्या झडीत ते बरंच वाढतं. बोटांना ती तरीही कोरडीच लागते. म्हणजे एप्रिलमध्ये काट्यावर भरलेली २०० ग्रॅम आणि जुलैत भरलेली २०० ग्रॅम या सारख्या लोकरी नाहीत. पावसाळ्यात वजन करण्याआधी लोकर तासभर गरम खोलीत किंवा पंख्याखाली पसरा.

रंगाची पूड चमच्याने मोजू नका. लाल आणि निळ्या पुडीचा एक चमचा वजनाला सारखा नसतो. कोल्हापूरच्या गुजरीत (सराफ बाजारात) किंवा हुपरीकडे चांदीच्या कामाला वापरतात तसा ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या. त्याहून सोपं म्हणजे साठ्याचं द्रावण: १० ग्रॅम रंग थोड्या गार पाण्यात लापशीसारखा कालवा, त्यावर उकळतं पाणी ओता, ढवळा आणि एकूण एक लिटर करा. हे १ टक्क्याचं द्रावण झालं. पूड हाताळताना नाकावर मास्क, हातात मोजे, खिडकी उघडी, पंखा बंद. द्रावण जुन्या पातळ सुती कापडातून गाळून घ्या. न विरघळलेला एक कण पांढऱ्या लोकरीवर बोटाएवढा डाग पाडतो.

पातेल्यातलं काम

कृती २०० ग्रॅम कोरड्या लोकरीची, मध्यम गडद रंगाची.

दहा लिटरचं स्टीलचं पातेलं घ्या. ॲल्युमिनियम आम्लाने झिजतं, लोखंड रंग काळवंडवतं, तांबं हिरवट छटा देतं. हे पातेलं, डाव आणि चाळणी एकदा रंगाला वापरली की पुन्हा स्वयंपाकघरात आणायची नाहीत. तापमानासाठी दुधाच्या डेअरीत असतो तसा काचेचा थर्मामीटर पुरतो.

लोकर कोमट पाण्यात दोन थेंब साबण घालून निदान एक तास भिजवा. कोरडा गाभा राहिला तर तिथे रंग उशिरा पोचतो. पातेल्यात सहा लिटर पाणी ४० अंशांवर आणा, २०० मिलिलिटर साठ्याचं द्रावण घाला (म्हणजे २ ग्रॅम रंग, लोकरीच्या १ टक्का) आणि नीट मिसळा. फिक्या छटेला ०.२५ टक्का, गडद रंगाला २ टक्के, काळ्याला ४ टक्क्यांपर्यंत लागतो. आम्ल अजून घालू नका. भिजलेली लोकर हलकेच दाबून पाणी काढा आणि पातेल्यात सोडा. ती मोकळी तरंगली पाहिजे. दाबून बसवावी लागली तर पातेलं लहान आहे.

आता आच बारीक करा आणि मिनिटाला साधारण एक अंश या चालीने तापमान चढू द्या. लोकर ४० अंशांवर रंग फारसा घेत नाही. ६० च्या पुढे ती झपाट्याने ओढू लागते आणि ८५ पर्यंत बहुतेक रंग जागेवर बसलेला असतो. रंग डागाळायचा की एकसारखा बसायचा ते या पंचवीस अंशांत ठरतं. मोठ्या आचेवर हा टप्पा पाच मिनिटांत ओलांडला तर तळाची आणि कडेची लोकर सगळा रंग पिऊन घेते, मधल्या लोकरीला काही उरत नाही. ६५ अंशांवर आच जवळजवळ बंद करून दहा-पंधरा मिनिटं थांबा. याच वेळी ३ ग्रॅम लिंबूसत्त्व कपभर पाण्यात विरघळवून घाला, पण लोकर बाजूला सारून, पाण्यात. थेट लोकरीवर ओतलं तर तिथे रंग एकदम चिकटतो. ८० अंशांवर आणखी ३ ग्रॅम. लिंबूसत्त्वाऐवजी ४ टक्क्यांचं बाजारी व्हिनेगर घेत असाल तर एकूण १५० मिलिलिटर, दोन हप्त्यांत.

ढवळायचं नाही. डावाच्या पाठीने लोकर दर पाच मिनिटांनी एकदा खालून वर उलटायची, इतकंच. पुढे ८८ ते ९२ अंशांवर ३० ते ४० मिनिटं ठेवा, काळ्या आणि फिरोजीला तासभर. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंच असल्याने इथे पाणी ९८ अंशांच्या सुमाराला उकळतं, त्यामुळे बुडबुडे दिसू लागले की हद्द ओलांडत आली असं समजा. खळखळत्या उकळीत लोकर जमून जाते.

पांढऱ्या कपात पातेल्यातलं पाणी घेऊन बघा. ते स्वच्छ किंवा फिकट असेल तर रंग बसला. गॅस बंद करा, झाकण ठेवा, लोकर त्याच पाण्यात निवू द्या, शक्य असेल तर रात्रभर. घाईने काढून गार पाण्यात टाकली तर नमदा तर होतोच, शिवाय निवताना बसणारा शेवटचा रंगही हुकतो.

बिघडलं तर कारण कसं शोधायचं

फिके ठिपके दिसले आणि त्या जागी लोकर जराशी मेणचट लागली, तर धुणं कच्चं. ठिपके नसून मोठे ढगासारखे पट्टे असतील तर आच घाईची किंवा पातेलं गच्च भरलेलं. फक्त टोकं गडद असतील तर लोकर उन्हाने झिजलेली. लहान, तीव्र, कडा स्पष्ट असलेले डाग न विरघळलेल्या पुडीचे.

पाणी रंगीतच राहिलं तर आधी पट्टी बुडवा. आंबटपणा कमी असेल तर आणखी लिंबूसत्त्व घालून परत ९० अंशांवर अर्धा तास ठेवा, बहुतेक वेळा पाणी डोळ्यांसमोर निवळतं. आंबटपणा बरोबर असूनही रंग उरला तर लोकरीच्या मानाने रंगच जास्त झाला. ते पाणी फेकू नका. त्यात आणखी ५०-१०० ग्रॅम भिजवलेली लोकर घाला, फिकट छटा फुकटात मिळेल.

रंग फुटणं हा वेगळा प्रकार. काळा, जांभळा, तपकिरी, पोपटी या पुड्या पुष्कळदा दोन-तीन रंगांचं मिश्रण असतात आणि त्यांच्यातला प्रत्येक घटक आपापल्या वेगाने चढतो. लाल सहसा लवकर पळतो, फिरोजी सगळ्यात मागे आणि पूर्ण आच मिळाल्याशिवाय बसत नाही. घाई केली की जांभळ्या लोकरीत गुलाबी आणि निळे तुकडे वेगळे दिसतात. पुडी मिश्र आहे का ते आधीच कळतं. ओल्या टिपकागदावर चिमटीभर पूड उंचावरून भुरभुरवा, मिश्रण असेल तर निरनिराळ्या रंगांचे ठिपके फुटतात. अशा रंगाला आम्ल उशिरा आणि आच अगदी सावकाश. हे फुटणं कुणाला आवडलं, तर उलट करा: आम्ल आधी, पाणी सुरुवातीलाच गरम.

डागाळलेली लोकर वाया जात नाही. त्याच आंबट पाण्यात पुन्हा तासभर ९० वर ठेवली तर काही रंग एका तंतूवरून दुसऱ्यावर सरकतात आणि फरक कमी होतो. पक्के बसणारे रंग असे सरकत नाहीत. त्यांना वरून जास्त गडद रंग द्यावा. पण सगळ्यात खात्रीचा उपाय पिंजण्याचा. डागाळलेली लोकर दोनदा पिंजून पेळू (कातण्यासाठीच्या गुंडाळ्या) केले की गडद-फिके तंतू मिसळतात आणि कातलेला धागा सपाट रंगापेक्षा जिवंत दिसतो. याच कारणाने नवशिक्याने कातण्याआधी, सुट्या लोकरीतच रंगवायला शिकावं. लडी रंगवताना झालेली चूक विणकामात पट्ट्यासारखी उमटते, सुटी लोकर चूक पोटात घेते.

झाडपाल्याचे रंग

इथे अनिश्चितपणा आणखी वाढतो, कारण पुडीऐवजी हातात पीक असतं. दसऱ्यानंतर उरलेला झेंडू घ्या: केशरी आणि पिवळ्या फुलांचा रंग वेगळा, पावसात भिजलेल्या फुलांचा फिका, सावलीत वाळवलेल्यांचा गडद.

रंग लोकरीला धरावा म्हणून आधी तुरटी द्यायची. २०० ग्रॅम लोकरीला २४ ग्रॅम, म्हणजे १२ टक्के. गरम पाण्यात विरघळवून लोकर ८०-८५ अंशांवर एक तास ठेवा आणि रात्रभर त्यातच निवू द्या. तुरटी १५ टक्क्यांच्या वर नेऊ नका, लोकर चिकट आणि कडक होते. मग २०० ग्रॅम लोकरीला ओल्या झेंडूच्या पाकळ्या ४०० ग्रॅम, किंवा कांद्याची कोरडी सालं १५० ग्रॅम, किंवा वाळलेल्या डाळिंबाच्या साली १५० ग्रॅम, पाऊण तास उकळून गाळायच्या आणि त्या पाण्यात लोकर ८० अंशांवर तासभर ठेवायची. कांद्याच्या सालीचा तपकिरी-केशरी रंग बराच भरवशाचा आहे आणि सालं भाजीवाल्याकडे फुकट मिळतात. सुरुवात तिच्यापासूनच करा.

मंजिष्ठेची (लाल रंग देणाऱ्या मुळीची) गंमत अशी की तिथे जड पाणी उपयोगी पडतं, चुन्याच्या अंशाने लाल खुलतो. तिला मात्र ६० ते ७० अंशांच्या वर नेऊ नका, उकळी लागली की लाल तपकिरीकडे झुकतो.

हळद दिसायला सगळ्यात तेजस्वी आणि टिकायला सगळ्यात कच्ची. पट्टणकोडोलीच्या यात्रेतला भंडारा कपड्यांना किती घट्ट लागतो ते सगळ्यांना ठाऊक आहे, पण तेच कपडे दोरीवर उन्हात आठवडाभर राहिले तर डाग विरत जातो. शिवाय साबण लागला की हळद लाल होते आणि लिंबू पिळलं की परत पिवळी. धुण्याच्या वस्तूला हळद देऊ नका.

रंग गडद करणारा हिराकस (लोहाचा क्षार) हे जपून वापरायचं साधन आहे. २०० ग्रॅमला २ ते ४ ग्रॅम, त्याहून जास्त नाही. रंगवलेली लोकर बाहेर काढा, हिराकस पाण्यात मिसळा, लोकर परत सोडा. पाच-दहा मिनिटांत झेंडूचा पिवळा शेवाळी होतो, डाळिंबाचा पिवळसर राखी-काळा. जास्त हिराकसने लोकर राठ आणि ठिसूळ होते. दख्खनी लोकर मुळात राठ, तिला हे परवडत नाही. मोरचूद आणि डायक्रोमेट या विषारी वस्तू घरात वापरू नयेत, जुन्या कृतींत त्या लिहिलेल्या सापडल्या तरी.

मुद्दाम वेगवेगळे रंग हवे असतील तर

लोकर एक तास आंबट पाण्यात (लिटरला ५ ग्रॅम लिंबूसत्त्व) भिजवा, दाबून पाणी काढा, प्लास्टिकवर पसरा आणि १ टक्क्याची द्रावणं बाटलीने घाला. शंभर ग्रॅमला सगळे रंग मिळून १०० ते १५० मिलिलिटर पुरतात. जास्त ओतलं की रंग खाली साचून एकमेकांत मिसळतात आणि मधे चिखल होतो. हिरवा-लाल, जांभळा-पिवळा अशा जोड्या शेजारी ठेवू नका, त्यांच्या हद्दीवर तपकिरी हमखास येतो. बोटाने दाबून रंग खालपर्यंत पोचला का बघा, आत पांढरं राहतं. प्लास्टिकमध्ये गुंडाळून रंगासाठीच ठेवलेल्या मोदकपात्रात ४० मिनिटं वाफवा आणि त्यातच गार होऊ द्या.

वाळवणं, नोंद आणि उन्हाची परीक्षा

ओली लोकर एक-दोन छटा गडद दिसते. पातेल्यातला रंग बघून घाबरून आणखी रंग घालू नका. एक बट पांढऱ्या पंच्यात दाबून, पंख्याखाली वाळवून मगच ठरवा. धुताना पाणी रंगीत येत राहिलं तर लोकर परत आंबट पाण्यात ९० वर अर्धा तास ठेवा. वाळवणं सावलीत, जाळीवर पसरून. पावसाळ्यात दोन दिवसांत वाळली नाही तर कुबट वास धरते, म्हणून एका वेळी तेवढीच रंगवा.

उरलेलं पाणी निवळ असेल तर मोरीत चालतं. रंगीत पाणी रंकाळ्याकडे किंवा पंचगंगेकडे जाणाऱ्या नाल्यात ओतू नका, त्यात आणखी लोकर घालून ते निवळवा. स्वेटर किंवा घोंगडीला लागणारी सगळी लोकर एकाच खेपेला रंगवा. दोन खेपा झाल्याच तर दोन्ही एकत्र पिंजा, आणि धागा तयार असेल तर दोन गुंडे आलटून पालटून दोन-दोन ओळी विणा.

प्रत्येक खेपेची एक बट पुठ्ठ्याला बांधून त्यावर लिहा: लोकरीचा ढीग, कोरडं वजन आणि महिना, पाणी कुठलं, पीएच, रंगाचा टक्का, ६० ते ८५ अंशांना लागलेली मिनिटं. यातला महिना आणि ती मिनिटं लिहायची राहतात, आणि पुढच्या वेळी नेमकी तीच लागतात.

दुसरी एक बट निम्मी पुठ्ठ्यात झाकून एप्रिलच्या उन्हात खिडकीत तीन आठवडे ठेवा. मग पुठ्ठा काढून दोन्ही भाग शेजारी धरा. फरक दिसला नाही तर तो रंग घोंगडीला, शालीला, बाहेरच्या कुठल्याही वस्तूला द्या. थोडा फरक असेल तर उशीच्या अभ्र्याला किंवा पिशवीच्या आतल्या बाजूला. झाकलेला भाग पिवळा आणि उघडा भाग जवळजवळ पांढरा निघाला, तर त्या रंगाची उरलेली लोकर काळ्या ढिगात मिसळून पिंजा. रंग उडाला तरी तिथे करडी झाक राहते.